‘मोफत’ या शब्दावरचा आळ

“ताई, फक्त सब्जेक्ट लाइन बदलून द्या. ‘मोफत’ हा शब्द काढला की मेल स्पॅममध्ये जायचे थांबतील.”

फोनवरचं पहिलंच वाक्य हे. बोलणारे गृहस्थ फोटो एडिटिंगचे ऑनलाइन वर्ग चालवतात. लिस्टवर सुमारे १८,००० पत्ते, आठवड्याला दोन मेल, आणि नवी बॅच तोंडावर आलेली. जुने विद्यार्थीच कळवत होते की मेल आला नाही. शोधल्यावर तो स्पॅममध्ये सापडायचा. मी मेलचा मजकूर लिहून देते, म्हणून माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत. चुका आणि दुरुस्त्या जशा घडल्या तशाच आहेत.)

निदान त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. कुठून तरी ‘स्पॅम शब्दां’ची भलीमोठी यादी मिळवली होती, बहुतेक शब्द इंग्रजी. त्यांच्याकडे मेल लिहिणाऱ्या मुलाने त्यांचं मराठी केलं आणि एकेक शब्द हद्दपार करायला घेतला. मोफत, सवलत, संधी, आजच, मर्यादित. शेवटी वाक्य लिहायला शब्दच उरेनात, तेव्हा त्याने ‘मो.फ.त’ असं लिहिलं. मग ‘मो-फत’. एका मेलमध्ये तर ‘मोऽफत’ही होतं.

या शक्कलीवर मी हसले, पण ती नवी नाही. शब्द मोडून लिहायचा खेळ स्पॅमवाल्यांनी वीस वर्षांपूर्वीच खेळून झालाय, आणि मोडलेला शब्द ओळखण्याचे नियम फिल्टरमध्ये तेव्हापासून आहेत. सरळ ‘मोफत’ लिहिणारा काही तरी मोफत देत असू शकतो. ‘मो.फ.त’ लिहिणाऱ्याला मात्र काही तरी लपवायचंय, एवढं कुणालाही कळतं.

शब्दांची यादी आली कुठून

ही समजूत निराधार नाही, जुनी आहे. २००१ मध्ये स्पॅमअसॅसिन नावाचा, स्पॅम ओळखणारा फिल्टर आला. त्याची पद्धत परीक्षेतल्या गुणांसारखी: मेलमध्ये अमुक आढळलं की इतके गुण, तमुक आढळलं की तितके. बेरीज ५ वर गेली की मेल स्पॅम. पूर्ण सब्जेक्ट कॅपिटल अक्षरांत असेल तर त्याचेही गुण होते. (देवनागरीत कॅपिटल नाहीत. ओरडायचं तर आपल्याकडे फक्त उद्गारचिन्हं, आणि ती आपण मनसोक्त वापरतो.) शब्दांच्या याद्या फिरायला लागल्या त्या अशा फिल्टरांच्या काळात.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने वेगळी वाट मांडली: नियम हाताने लिहूच नका, स्पॅम आणि चांगले मेल असे दोन ढीग यंत्रापुढे ठेवा आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात जास्त येतो ते त्यालाच मोजू द्या. त्याच्या मोजणीत लालभडक रंगाचा एचटीएमएल कोड हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा निघाला. कुठल्याही यादीत नसलेली गोष्ट. मला हा किस्सा आवडतो, कारण शब्द मुळात दोषी नसतो हे त्यातून दिसतं. लोक ज्याला स्पॅम म्हणतात त्यात तो किती वेळा सापडतो, यावर सगळं अवलंबून. आजचे मोठे फिल्टर याच्याही पुढे गेलेत. कोण पाठवतंय आणि त्याचे आधीचे मेल लोकांनी कसे वागवले, हे ते पाहतात.

म्हणून मी नवी सब्जेक्ट लाइन लिहून दिलीच नाही. तीन गोष्टी मागितल्या: स्पॅममध्ये पडलेला एक मेल मूळ हेडरसकट (हेडर म्हणजे मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती), गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या सब्जेक्ट लाइन तारखेसह, आणि गूगलच्या पोस्टमास्टर टूल्सची परवानगी. तिसऱ्या गोष्टीचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. आपल्या डोमेनवरून जीमेलवर गेलेल्या मेलचं काय होतं, ते तिथे फुकट बघता येतं. डोमेन जोडलं की थोडा जुना हिशोबही दिसला.

हेडरमधल्या तीन ओळी

जीमेलमध्ये मेल उघडून ‘मूळ दाखवा’ म्हटलं की वर एक छोटा तक्ता येतो. त्यातल्या तीन ओळी अशा होत्या:

एसपीएफ: पास
डीकेआयएम: पास
डीमार्क: फेल

मेल खरंच त्याच डोमेनचा आहे का, याच्या या तीन तपासण्या. एसपीएफ परतीच्या पत्त्याचं डोमेन बघतं आणि पाठवणाऱ्या सर्व्हरला त्याची परवानगी आहे का ते तपासतं. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. दोन पास आणि तिसरा फेल पाहून माणूस गोंधळतो. त्यांच्याकडचा मेल लिहिणारा मुलगाही म्हणाला, “दोन तर पास आहेत की!” मी त्याला डीकेआयएमच्या ओळीतलं डोमेन वाचायला लावलं. ते त्यांचं नव्हतं, मेल पाठवणाऱ्या सेवेचं होतं. पत्रावर सही बरोबर होती, पण पोस्टमनची. पाठवणाऱ्याच्या जागी यांचं डोमेन, सही आणि परतीचा पत्ता मात्र सेवेचा. डीमार्क एवढंच विचारतो की वर दिसणारं नाव आणि खालची सही जुळतात का. जुळत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सेवा बदलली होती. नव्या सेवेने डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदवहीत) टाकायच्या नोंदी पाठवल्या होत्या, त्या कुणी टाकल्याच नव्हत्या. एके काळी हे खपलं असतं. पण जीमेल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ हवं, डीकेआयएम हवं, डीमार्क हवं, आणि डोमेन जुळलेलं हवं. जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइबची सोय हवी. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून याच वळणाचे नियम आणले.

नोंदी टाकायला दहा-पंधरा मिनिटं लागली आणि त्या सगळीकडे पोचायला काही तास. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दुरुस्ती सोपी होती, तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं इतकंच.

दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मी आमच्याच पाच-सहा खात्यांवर एकच मेल दोनदा पाठवला, एकदा सब्जेक्टमध्ये ‘मोफत’ ठेवून, एकदा काढून. आधी दोन्ही स्पॅममध्ये. नंतर दोन्ही इनबॉक्समध्ये. पाच-सहा खात्यांचा खेळ म्हणजे संशोधन नव्हे, आणि मी तसा दावाही केला नाही. पण यादीवरचा त्यांचा विश्वास हलायला तेवढा पुरला.

मग सब्जेक्ट लाइन निर्दोष होती का? मुळीच नाही. ‘मोफत’कडे बोट दाखवण्याच्या नादात खरी गुन्हेगार ओळ बाजूला पडली होती.

सगळ्यात ‘यशस्वी’ मेल

तीन महिन्यांच्या यादीत एका ओळीपुढे कुणी तरी कौतुकाने चांदणी काढली होती:

‘री: तुमच्या अर्जाबद्दल’

पूर्ण लिस्टला गेलेला मेल. अर्ज कुणीच केला नव्हता. पुढे ‘री:’ लावलं की आधीच्या संभाषणाचं उत्तर वाटतं, म्हणून लावलेलं. ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, त्या तिमाहीतला सगळ्यात जास्त, आणि मुलाला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

आता पोस्टमास्टर टूल्समधला स्पॅम रेटचा, म्हणजे मेलवर ‘स्पॅम’चं बटण दाबणाऱ्यांच्या प्रमाणाचा, आलेख. जीमेल सांगतं की हा दर ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्याला कधीच टेकू देऊ नका. आकडे क्षुल्लक वाटतात, म्हणून मी त्यांचा हिशोब मांडून दाखवला. त्यांच्या लिस्टवर जीमेलचे पत्ते साधारण १२,०००. इनबॉक्समध्ये पोचलेल्या १२,००० मेलपैकी ३६ जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की ०.३ टक्के झाले. छत्तीस माणसं म्हणजे त्यांची एक बॅचही भरत नाही.

‘री:’च्या दिवशी आलेख ती रेघ ओलांडून वर गेला होता. मेल उघडणाऱ्यांची संख्या वाढली होती हे खरं, पण त्यांतले कितीतरी जण ‘कसला अर्ज?’ म्हणून उघडणारे होते. आत वर्गाची जाहिरात दिसल्यावर त्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती? शिवाय हा नुसता आगाऊपणा नाही. दिशाभूल करणारी सब्जेक्ट लाइन अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात सरळ बेकायदेशीर आहे.

पुढचा भाग मलाही पहिल्या नजरेत फसवून गेला. त्या दिवसानंतर आठवडाभर आलेख वर-खाली होत राहिला, आणि मग जवळजवळ शून्यावर आला. गृहस्थ म्हणाले, “बघा ना ताई, लोकांची नाराजी गेलीय. मग आता स्पॅममध्ये का जातोय?”

प्रश्नातच उत्तर होतं. हा दर मोजला जातो तो इनबॉक्समध्ये पडलेल्या मेलवर. मेल आधीच स्पॅममध्ये पडत असेल तर त्याच्यावर स्पॅमचा शिक्का मारायला कोण जाणार? आलेख शून्यावर आला, कारण मेल लोकांपुढे येतच नव्हते. ताप उतरला म्हणून खूश व्हावं आणि मग लक्षात यावं की थर्मामीटरच रिकाम्या खाटेवर ठेवलाय, तसं झालं.

ओळी पुन्हा लिहिताना

डीएनएस झाल्यावर मी ज्या कामासाठी आले होते ते सुरू झालं. आम्ही एकच कसोटी ठरवली. सब्जेक्ट वाचून माणसाने मेल उघडला, तर त्यात म्हटलेली गोष्ट पहिल्या दोन-तीन ओळींत त्याला मिळायला हवी. नसेल तर ओळ बदला, नाही तर मेल बदला.

‘तुम्ही निवडले गेला आहात!!!’ ही ओळ सगळ्यात आधी काढून टाकली. कोणी निवडलं, कशासाठी? त्या मेलमध्ये खरं तर शनिवारच्या एका मोफत वर्गाचं आमंत्रण होतं. नवी ओळ: ‘शनिवारचा मोफत वर्ग: फोटोतला पिवळेपणा काढणं’. ‘मोफत’ मी मुद्दाम ठेवला. वर्ग मोफत होताच.

‘शेवटची संधी’वर वाद झाला. तीन महिन्यांत ती सात वेळा गेली होती.

“प्रवेश कधी बंद होतो?” मी विचारलं.

“रविवारी रात्री ९ ला.”

“मग तेच लिहू. ‘प्रवेश रविवारी रात्री ९ ला बंद’.”

“पण ताई, सोमवारी कुणी आलं तर आम्ही घेतो ना.”

“मग बंद होतो असं लिहायचं नाही. नाही तर खरंच बंद करा.”

बराच वेळ फोनवर शांतता होती. शेवटी त्यांनी खरंच बंद करायचं ठरवलं, आणि त्या सोमवारी आलेल्या चौघांना पुढच्या बॅचमध्ये टाकलं. सब्जेक्ट लाइनमुळे कामाची पद्धत बदलावी लागते ती अशी, आणि माझ्या अनुभवात कठीण भाग हाच असतो. चांगली ओळ सुचणं त्यामानाने सोपं.

‘री:’ वाली ओळ पूर्ण टाकून द्यावी लागली नाही, हे मजेशीर. काही लोकांनी खरंच फॉर्म अर्धवट सोडले होते. तेवढ्यांनाच मेल गेला: ‘तुमचा फॉर्म दुसऱ्या पानावर थांबलाय’. खरा अर्ज, खरी आठवण, आणि ‘री:’ची गरजच नाही. त्या मेलवर एकही तक्रार आली नाही.

सब्जेक्टमध्ये नाव घालायची हौस त्यांना होती, ती मी मोडली. लोक फॉर्ममध्ये नाव रोमन लिपीत भरतात. त्यापुढे आपलं ‘साठी’ चिकटलं की एका ओळीत दोन लिप्या येतात आणि यंत्राने लिहिल्याचं लांबूनच कळतं. नाव भरलेलंच नसेल तर ओळ नुसत्या ‘साठी’ने सुरू होते. असा एक मेल गेलाही होता.

इमोजीबद्दल मी फार कडक नाही. एखाद्या इमोजीमुळे कुणाचा मेल स्पॅममध्ये पडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण आगीच्या तीन ज्वाळा आणि तीन उद्गारचिन्हं एकत्र आली की वाचणाऱ्याचं बोट आपोआप डिलीटकडे जातं.

सब्जेक्टच्या शेजारी दिसणाऱ्या करड्या ओळीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिथे प्रत्येक मेलला ‘हा मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा’ असं येत होतं. दुकानाच्या पाटीखाली लगेच ‘पाटी वाचता न आल्यास’ अशी सूचना लावावी, तसलं. ती जागा सब्जेक्टचं उरलेलं वाक्य पुरं करायला वापरली.

देवनागरीचं ओझं

मध्येच एक भलतीच तक्रार आली. वर्गाच्या आठवणीचे मेल त्यांची स्वतःची एक स्क्रिप्ट (मुलाने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) पाठवायची, आणि काही जणांना सब्जेक्टमध्ये अक्षरांच्या जागी चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसत होती. दिसायला थेट फसवणुकीचा मेल.

मेलचं हेडर मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलेलं. देवनागरी सब्जेक्ट सहसा त्यातून तसाच न जाता बेस६४ नावाच्या वेष्टनात बांधून जातो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘शेवटची’ आपल्याला चार अक्षरं दिसतात. आत ती श, मात्रा, व, ट, च, वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, आणि बेस६४ मध्ये २४ अक्षरं. एका वेष्टनाची मर्यादा ७५ अक्षरांची, त्यातली १२ वेष्टनाच्या दोऱ्यालाच जातात. उरलेल्या जागेत जेमतेम १५ देवनागरी चिन्हं मावतात. ओळ लांब असेल तर दोन, तीन, चार पुडक्या होतात, आणि पुडकी बांधताना एखादं चिन्ह मधोमध तोडायचं नाही असा नियम आहे. त्यांची स्क्रिप्ट बाइट मोजून सरळ सुरी चालवत होती. ‘ची’मधली वेलांटी अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे.

मुलाने स्वतःचा कोड फेकून या कामासाठी आधीच लिहिलेला तयार कोड (लायब्ररी) वापरला आणि प्रश्न मिटला. पण त्यामुळे एक गोष्ट मला नव्याने खटकायला लागली. सब्जेक्ट पन्नास अक्षरांत बसवा, हा सगळीकडे मिळणारा सल्ला इंग्रजीसाठी मोजलेला आहे. मराठीत मी आता अक्षरं मोजत नाही. स्वतःच्या फोनवर मेल पाठवते आणि ओळ कुठे तुटते ते बघते. महत्त्वाचा शब्द त्याच्या आधी आला पाहिजे.

परत उभं राहताना

लिस्ट छाटायला गृहस्थ तयार नव्हते. वर्षभरात ज्यांनी एकदाही क्लिक केलं नव्हतं असे जवळपास ६,००० पत्ते होते. शेवटी त्यांना एक निरोपाचा मेल गेला, ‘पुढे मेल हवेत का?’ ज्यांनी हो म्हटलं ते राहिले, बाकीचे काढले. अनसबस्क्राइबची लिंक तळाशी इतकी फिकट होती की मला स्वतःला ती शोधावी लागली. ती ठळक केली. दार सापडलं नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो, कारण ते कायम डोळ्यांसमोर असतं.

पहिले मेल फक्त गेल्या महिन्यात क्लिक केलेल्यांना पाठवले. मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेले. ओपन रेट मी कुणाला दाखवलाच नाही. मेल उघडला हे त्यातलं चित्र उतरलं की मोजलं जातं. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे माणसाने न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. आम्ही क्लिक मोजले आणि तक्रारी मोजल्या. महिन्याभरात स्पॅम रेट ०.१ टक्क्याच्या खाली स्थिरावला, आणि या वेळी मेल इनबॉक्समध्ये पडत असताना.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत. काही कंपन्यांच्या ऑफिसच्या पत्त्यांवर मेल अजूनही अडतो. तिथले फिल्टर त्यांच्या त्यांच्या नियमांनी चालतात, कदाचित शब्दांच्या यादीनेही. तिथे आपण विद्यार्थ्याला घरचा पत्ता द्यायला सांगण्यापलीकडे काही करू शकलो नाही. आणि जीमेलवर मेल बहुतेकांच्या प्रमोशन्स टॅबमध्ये जातो. यावरही फोन आला होता. मी म्हटलं, तुम्ही जाहिरात पाठवताय, ती जाहिरातींच्या कप्प्यात गेली, याला स्पॅम म्हणत नाहीत. त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही.

मध्ये परत फोन आला. “ताई, या वेळी ‘शेवटची संधी’ लिहिलं तर चालेल ना? खरंच शेवटची बॅच आहे.”

“कायमची?”

“नाही, या महिन्यातली.”

‘या महिन्यातली शेवटची बॅच’ अशी ओळ गेली. रविवारी रात्री ९ ला फॉर्म बंद झाला.